‘इमॅन्सिपेट’ : एका क्रियापदाचा अन्वयार्थ

इंग्रजीतील ‘इमॅन्सिपेट’ हे क्रियापद आपल्या चळवळीला परके नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ग्रंथ मराठी, पण अर्पणपत्रिका इंग्रजी. काळ्या गुलामांच्या बाजूने झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना वाहिलेल्या त्या मोजक्या ओळींत ‘इमॅन्सिपेशन’ हे नाम आले आहे. पुढे सत्तर वर्षांनी, १९४३ साली, बाबासाहेबांची ‘मिस्टर गांधी अँड द इमॅन्सिपेशन ऑफ द अनटचेबल्स’ ही पुस्तिका निघाली. म्हणजे आपल्या विचारपरंपरेतील दोन महापुरुषांना, इंग्रजीत बोलायची वेळ आली तेव्हा, हाच शब्द जवळचा वाटला. असे असूनही या शब्दाचा मराठी अर्थ मुलांना सांगताना आपली मोठी ओढाताण होते. बाजारातील गाइडे उघडावीत तर तेथे ‘उद्धार करणे’ असे छापलेले असते, आणि आमच्या पोरांपोरींच्या वह्यांत तेच उतरलेले असते.

‘उद्धार’ हा येथे बसणारा शब्द नव्हे. उद्धार म्हणजे वर उचलणे. एक जण खाली चिखलात आहे, दुसरा कोरड्या काठावर उभा आहे, आणि काठावरच्याने हात दिला म्हणून चिखलातला वर आला, असे ते चित्र आहे. त्याला चिखलात कोणी लोटले हा प्रश्न या शब्दात येतच नाही. ‘अस्पृश्योद्धार’, ‘हरिजनोद्धार’ हे शब्द ज्यांनी रूढ केले त्यांच्या हेतूंविषयी येथे वाद घालायचा नाही. पण तो शब्द काठावरून उच्चारलेला आहे, एवढे ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या खेड्यांतल्या बोलीने त्याचा जो दुसरा अर्थ केला आहे तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. कोणी आईबापांवरून शिव्या घातल्या की लोक म्हणतात, ‘त्यानं माझा चांगला उद्धार केला.’

आता मूळ शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात. ‘मॅन्युअल’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हे आपल्या परिचयाचे शब्द याच हातातून आलेले. ‘कापेरे’ म्हणजे धरणे, पकडणे; ‘कॅप्चर’ त्याच घरातला. हाताने धरून जे आपल्या मालकीचे केले ते ‘मान्किपियम’. त्याच्या आधी ‘ए’ म्हणजे ‘बाहेर’ हा उपसर्ग लागला आणि ‘एमान्किपारे’ हे क्रियापद झाले. शब्दशः अर्थ : धरणाऱ्या हाताबाहेर काढणे. येथे चिखल नाही आणि काठही नाही. येथे एक हात आहे, आणि त्याने कोणाला तरी धरून ठेवले आहे. पहिल्याच अक्षरात गुन्ह्याचा पत्ता सांगणारा असा शब्द दुर्मीळच.

रोमन कायद्यात हे ‘हाताने धरणे’ नुसती उपमा नव्हती. तो खरेदीचा रीतसर विधी होता. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला उभे राहत. सहावा तराजू धरी. घेणारा विकत घ्यायच्या वस्तूवर हात ठेवून ‘ही माझी’ असे सर्वांदेखत म्हणे आणि तांब्या-कथलाचा तुकडा तराजूवर वाजवी. गायस नावाच्या कायदेपंडिताने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हे सविस्तर लिहून ठेवले आहे. हा विधी कोणकोणत्या मालासाठी करावा याची यादीही ठरलेली होती : इटलीतील जमीन, गुलाम, आणि जू वा ओझे वाहणारी जनावरे, म्हणजे बैल, घोडे, खेचरे, गाढवे. गुलाम आणि बैल एका यादीत. ज्यांनी बैलबाजार पाहिला आहे त्यांना याचे फार आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडेही उपरण्याखाली दलालाच्या हातात हात देऊन बोटांच्या खुणांनी सौदा ठरतो आणि ज्या बैलाविषयी तो चालला आहे तो शेजारी रवंथ करीत उभा असतो.

पण ‘एमान्किपारे’ हे क्रियापद मुळात गुलामाच्या सुटकेचे नव्हते, ही गोष्ट गाइडवाल्यांना तर सोडाच, पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते. ते मुलाच्या सुटकेचे होते. रोमन बाप हा मुलाचा धनी. मुलगा कितीही मोठा झाला तरी बाप जिवंत असेतो तो बापाच्या सत्तेखाली. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात असे कलम होते की बापाने मुलाला तीनदा विकले तर मुलगा बापापासून मोकळा. हे कलम दुष्ट बापाला आळा घालण्यासाठी असावे; वकिलांनी त्याचीच वाट केली. बाप एखाद्या मित्राला मुलगा खोटा खोटा तीनदा विकी, मित्र त्याला सोडी, आणि मुलगा मोकळा होई. मुलीला एकदाच विकणे पुरे होते. गंमत पुढेच आहे. असा सुटलेला मुलगा जुन्या कायद्याने बापाच्या वारशालाही मुके. हातातून सुटला तो घरातूनही सुटला. नंतर न्यायाधिकाऱ्यांनी ही खोड दुरुस्त केली. पण शब्दाच्या जन्मातच स्वातंत्र्य आणि वाटा यांची फारकत होती, हे विसरता कामा नये.

गुलामाच्या सुटकेला वेगळा शब्द होता, ‘मानुमिस्सिओ’, म्हणजे हातातून जाऊ देणे. त्यावरून इंग्रजीत ‘मॅन्युमिट’ आले. असा सुटलेला गुलाम जुन्या धन्याला ‘पॅट्रन’ म्हणून मान देई, आणि ठरल्याप्रमाणे काही दिवस त्याच्या घरी काम करायला बांधलेला राही. आज साहित्य संमेलनांत आश्रयदात्यांना ‘पॅट्रन’ म्हणून व्यासपीठावर बसवतात, त्या शब्दाची ही एक वंशावळ आहे.

इंग्रजीने हे क्रियापद सतराव्या शतकात घेतले. तेथे त्याचे तीन मोठे प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पहिला १८२९ चा. ब्रिटनमधील कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा अधिकार मिळाला त्याला ‘कॅथलिक इमॅन्सिपेशन’ म्हणतात. येथे कोणी विकला गेलेला नव्हता. कायद्याने घातलेली अपात्रता दूर झाली होती. बाबासाहेबांच्या शीर्षकातील अर्थाला हा प्रयोग फार जवळचा आहे. दुसरा, ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरीचा अंत. कायदा १८३३ चा, अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून. सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ साली फिटली. आणि गुलाम? सहा वर्षांखालील मुले सोडली तर बाकीच्यांना ‘उमेदवार’ हे नवे नाव देऊन त्याच मालकाकडे बिनमजुरी राबायला लावले, ते १८३८ पर्यंत. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपण, त्या कायद्यातून वगळलेलेच होतो. येथे १८४३ साली पाचवा अधिनियम झाला आणि त्याने कोणालाही ‘इमॅन्सिपेट’ केले नाही. माणसावरचा मालकीहक्क यापुढे न्यायालये मानणार नाहीत, एवढेच तो म्हणाला. सरकारी हात झटकण्याचा हा प्रकार इंग्रजीत शोभून दिसतो.

तिसरा प्रसंग अमेरिकेचा, आणि फुल्यांच्या मनात तोच होता. लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी काढलेला जाहीरनामा ‘इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता. लिंकनच्या बाजूने राहिलेल्या गुलामधारी राज्यांना नाही. सर्व देशातील गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. पाठ्यपुस्तकांतून एक चित्र ठसते की लिंकनने हात वर केला आणि साखळ्या गळून पडल्या. परंतु डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात वेगळेच मांडले. युद्ध सुरू होताच लाखो गुलाम मळे सोडून निघून गेले, हा त्यांचा सार्वत्रिक संपच होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लिंकनच्या सैन्यात लढले. तर मग कोणी कोणाला सोडवले? याच दु बॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला, आणि संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाविषयी विचारणा केली, हेही येथे आठवते.

एका माणसाची हकीकत या क्रियापदाचे सगळे व्याकरण उघडे करते. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली मालकाच्या तावडीतून पळाला. तो स्वतंत्र झाला, त्याने लग्न केले, भाषणे दिली, आत्मचरित्र लिहिले. परंतु कायद्याने तो पळून गेलेला माल होता. पकडला गेला असता तर परत दावणीला. १८४६ साली इंग्लंडमधील मित्रांनी वर्गणी गोळा करून १५० पौंड मालकाला पोचते केले, तेव्हा मालकाने कागदावर सही करून ‘सोडला’. १८३८ साली डग्लस सुटला आणि १८४६ साली त्याला सोडला. इंग्रजी इतिहासकार या दोन घटनांसाठी दोन निरनिराळी क्रियापदे धुंडाळतात. मराठीत ती एकाच धातूची दोन रूपे आहेत.

हे मराठीचे वैभव आहे, आणि इंग्रजीच्या धाकात आपण ते पाहत नाही. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, तशीच सुटणे–सोडणे ही जोडी. ‘सुटणे’ला कर्त्याशिवाय कोणी लागत नाही. औत सुटते, शाळा सुटते, गाडी सुटते, गाठ सुटते. ‘सोडणे’ला मात्र सोडणारा लागतो. इंग्रजीतील ‘इमॅन्सिपेट’ फक्त दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘ही इमॅन्सिपेटेड’ एवढेच लिहून वाक्य पुरे होत नाही. कोणाला, हे सांगावे लागते. आणि सुटणाऱ्याला वाक्यात पहिली जागा द्यायची असेल तर ‘वॉज इमॅन्सिपेटेड’ असा कर्मणी प्रयोग करावा लागतो. त्या प्रयोगात सोडणारा दिसत नाही, पण पडद्यामागे तो उभाच असतो.

‘सोडणे’ हा शब्द मात्र भोळेपणाने वापरू नये. त्याच्या पोटात काय काय आहे ते पाहा. नवरा सोडचिठ्ठी देतो आणि बाई ‘सोडलेली’ होते. ती मोकळी झाली असे कोणी म्हणत नाही. मुलगी ‘देवाला सोडली’ म्हणतात, तेव्हा तिला कोणत्याही बंधनातून काढलेले नसते, उलट गावाच्या हवाली केलेले असते. बाप वारला की भाऊ बहिणीला तालुक्याला नेतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा किंवा सही घेतात. या दस्ताला इंग्रजीत ‘रिलीज डीड’ म्हणतात. तुरुंगातून कैदी सोडणे आणि बापाच्या शेतातला वाटा सोडणे, दोन्हीला इंग्रजीत ‘रिलीज’ आणि मराठीत ‘सोडणे’. म्हणजे बलवानाने सोडले तर ती कृपा, दुबळ्याने सोडला तर तो हक्क. क्रियापद एकच. कायद्याने २००५ नंतर मुलीला मुलाइतकाच वाटा दिला असला तरी हा दस्त तालुक्याच्या गावी दररोज होतो, आणि आपल्या बौद्ध कुटुंबांतही होतो. हे आपल्या मासिक-त्रैमासिकांतून फारसे लिहिले जात नाही.

दुसरी जोडी आहे फिटणे–फेडणे. ‘फेडणे’ म्हणजे उलगडणे, गुंडाळलेले वा बांधलेले काढणे. नेसलेले वस्त्र फेडतात. आणि फेडणे म्हणजे कर्ज चुकते करणे. मराठी माणसाने बंध काढणे आणि देणे देणे यांना एकच शब्द वापरला, कारण त्याच्या अनुभवात बंध हा देण्याचाच होता. चिखली तालुक्यातील आमच्या उंद्रीकडे सालदारी होती तेव्हा पाडव्याला साल संपे. माझे वडील सालदार होते. त्या दिवशी गडी ‘मोकळा’ होई. पण वर्षभरात आजारपणाला, लग्नाला घेतलेली उचल वहीत उभी असे. ती फिटली नाही तर मोकळा झालेला गडी दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यात शेण काढायला हजर. पोळ्याचेही तसेच. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे, पोळ्याच्या दिवशी जू ठेवायचे नाही, शिंगे रंगवायची, तोरणाखाली उभे करायचे. त्यांना पुरणपोळी मिळे. तोरण तुटे, पोळा फुटे, आणि मग पुन्हा खांद्यावर जू. आता ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले, सालदारही कमी झाले. त्यांची पोरे ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जातात. तेथेही पहिला शब्द ‘उचल’ हाच.

पश्चिम महाराष्ट्रात महारवतनाच्या बाबतीत हेच घडले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतनाच्या तुकड्याच्या मोबदल्यात सबंध महारवाडा रात्रंदिवस सरकारी आणि गावकीच्या कामाला जुंपला जातो, हा त्यांचा मुद्दा होता. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा शेवटी १९५८ साली झाला. वतन गेले, वेठ गेली; परंतु जमीन आधी सरकारजमा झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्याला कब्जेहक्काची किंमत भरून, नवीन शर्तीवर, परत घ्यावी लागली. सुटायचे तर फेडले पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी या क्रियापदाचे काय केले हे आता थोडक्यात पाहू. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. जन्मानेच माणसाला चोर ठरवणारा आणि पोलीस हजेरीला बांधणारा. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. इंग्रजीत त्या जमाती ‘डीनोटिफाइड’ झाल्या. म्हणजे काय? सरकारी यादीत नाव होते, ते काढले. कारकुनी शब्द आहे. मराठीने त्याला ‘विमुक्त’ केले. केवढा मोठा शब्द! बौद्ध वाङ्मयात विमुक्ती ही तृष्णेच्या बंधनातून सुटलेल्या चित्ताची अवस्था आहे. तो शब्द एका यादीतील खोडलेल्या ओळीला लावला गेला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. ही दोन्ही आत्मकथने विमुक्तीच्या नंतरच्या काळाची आहेत. त्यांतली माणसे वाचली की इंग्रजी कारकुनाचा शब्द अधिक खरा होता असे म्हणावे लागते. नाव यादीतून गेले. पोलिसाचा हात खांद्यावर तसाच राहिला. सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे तर पाठोपाठ आलेच.

वेठबिगारीचा कायदा १९७६ चा. त्याच्या चौथ्या कलमाची इंग्रजी रचना मोठी चमत्कारिक आहे. कायदा सुरू होताच प्रत्येक वेठबिगार मुक्त झालेला आणि वेठ करण्याच्या बांधिलकीतून सुटलेला ‘राहील’, अशा अर्थाची ती आहे. कोणी सोडायचे नाही, कोणाला विचारायचे नाही. माणूस त्या क्षणी सुटलेलाच आहे. शिवाय सहाव्या कलमाने कर्जच नष्ट झाले. सुटण्यासाठी फेडावे लागते हा हजारो वर्षांचा नियम या कलमाने मोडला, म्हणून मी वर्गात ते मुद्दाम वाचून दाखवतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेला येथे मराठी ‘सुटणे’ जवळजवळ साधले आहे.

पण प्रत्यक्षात सुटलेल्या माणसाला मुक्तीचा दाखला लागतो. दाखला अधिकारी देतो. वेठ होती हे सिद्ध व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले की सक्तीची मजुरी दिसली तर ती आगाऊ रकमेपोटी आहे असे आधी गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर. त्याआधी १९८२ साली त्याच न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीही सक्तीचीच मजुरी होय, असे म्हटले होते. भूक हीसुद्धा सक्ती असते हे त्यामागचे सूत्र. हे निकाल फार मोठे आहेत. मात्र २०१६ साली केंद्र शासनाने पुनर्वसनाची जी योजना आणली तीत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि अतिशय छळ झालेल्यांना ३ लाख अशा रकमा ठेवल्या, आणि त्यांचा मोठा भाग मालकाला शिक्षा होण्याशी जोडला. म्हणजे सुटणाऱ्याचे भवितव्य पुन्हा धरणाऱ्याच्या खटल्याला बांधले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसईच्या बाजूला विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून आदिवासी वेठबिगारांना संघटित करून त्यांची सोडवणूक केली. वेठबिगार एकत्र उभे राहिल्याशिवाय चौथे कलम पुस्तकातून खाली उतरत नाही, हे त्या कामावरून दिसते.

‘सोडवणूक’ हा शब्द आता आलाच आहे. सुटणे, सोडणे आणि तिसरे सोडवणे. गहाण दागिना सोडवतात, गुंता सोडवतात, गणित सोडवतात, पोलिसांच्या तावडीतून पोरगा सोडवून आणतात. येथे धरणारा आणि सोडवणारा निरनिराळे आहेत. लिंकन हा सोडणारा नव्हता. तो फार तर सोडवणारा. गुलाम त्याच्या मालकीचे नव्हते. इंग्रजी ‘इमॅन्सिपेट’ हे दोघांनाही चालते, धन्यालाही आणि त्रयस्थालाही, आणि म्हणूनच त्या शब्दाने श्रेयाचा घोटाळा होतो. मराठीत भाषांतर करताना आपण ते वेगळे केले पाहिजेत. धन्याने केले तर ‘सोडले’, दुसऱ्याने केले तर ‘सोडवले’. आणि धरलेल्यानेच केले तर? त्यालाही मराठीत रूप आहे : ‘सोडवून घेतले’.

‘लिबरेट’ हे भावंड पुष्कळदा ‘इमॅन्सिपेट’च्या जागी वापरले जाते, म्हणून एक शब्द त्याविषयी. लिबरेट मुख्यतः प्रदेशाला, शहराला, कैद्यांना लागते. रसायनशास्त्रात वायूसुद्धा लिबरेट होतो. आणि सैनिकी विनोदात दुसऱ्याची वस्तू उचलणे यालाही लिबरेट करणे म्हणतात. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी. हे लिबरेशन. आमच्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडचा मराठवाडा असा मुक्त झाल्यावर तीस वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याच मुक्त भूमीवर दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. भूमी लिबरेट झाली होती. तीवरील माणसे इमॅन्सिपेट झाली नव्हती. दोन्हीला आपण ‘मुक्ती’ म्हणतो म्हणून हा भेद मराठीत झाकला जातो.

‘मुक्ती’ हा शब्द बाबासाहेबांनीही वापरला आहे. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने आपल्याला परिचित आहे. त्याच्या इंग्रजी भाषांतरात वसंत मून यांनी ‘सॅल्व्हेशन’ हा शब्द घेतला. तो धर्माच्या परिभाषेतला आहे. भाषण धर्मांतराचे होते, त्यामुळे हे चुकले असे म्हणवत नाही. परंतु त्या भाषणात बाबासाहेब धर्मांतराची आध्यात्मिक बाजू आणि ऐहिक बाजू दोन्ही तपासतात, आणि बळ कोठून आणायचे हा हिशेब मांडतात. ऐहिक बाजूपुरता विचार केला तर ती ‘मुक्ती’ म्हणजे इमॅन्सिपेशनच. मराठी शब्दाने दोन्ही अर्थ एका ओंजळीत धरले. इंग्रजीला एक निवडावा लागला. भाषणाचा शेवट त्यांनी भगवान बुद्धांनी आनंदाला केलेल्या उपदेशाने केला : आपणच आपला दीप व्हावे, दुसऱ्याच्या आश्रयाला जाऊ नये. ‘पॅट्रन’ या शब्दाची वंशावळ आपण वर पाहिली; तिच्याशेजारी हा उपदेश ठेवून वाचावा.

१९४३ च्या शीर्षकातील ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दाकडे आता पाहता येईल. ‘इमॅन्सिपेशन ऑफ द अनटचेबल्स’, म्हणजे अस्पृश्यांची मुक्ती. ही षष्ठी दुतोंडी आहे. ‘रामाचा वध’ म्हटले तर रामाने केलेला की रामाला मारले, हे नुसत्या षष्ठीवरून कळत नाही. तसेच येथे. अस्पृश्यांना कोणीतरी दिलेली मुक्ती, की अस्पृश्यांनी मिळवलेली? शीर्षक तेवढे सांगत नाही, पुस्तिका सांगते. तिच्यात १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या परिषदेच्या मागण्या आहेत : स्वतंत्र मतदारसंघ, नोकऱ्यांतील वाटा, स्वतंत्र वसाहती. मागणारे ठराव करून मागत आहेत. शीर्षकात एका बाजूला गांधीजींचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला इमॅन्सिपेशन, आणि मध्ये ‘अँड’. ‘बाय’ नाही. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने शब्दयोगी अव्ययांचा अभ्यास कशासाठी करावा असे कोणी विचारले तर मी हे शीर्षक पुढे करीन.

परीक्षेच्या दृष्टीने प्रयोगाची एक गोष्ट सांगायची राहिली. ‘इमॅन्सिपेट’नंतर कर्म येते आणि मग ‘फ्रॉम’. या ‘फ्रॉम’च्या पुढे शक्यतो धरणाऱ्या सत्तेचे नाव यावे : धनी, कायदा, जात, बापाचा वा नवऱ्याचा अधिकार. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत ‘फ्रॉम’च्या पुढे ब्राह्मणी दास्य आहे, नुसते दुःख किंवा अज्ञान नाही. ‘इमॅन्सिपेट द पुअर फ्रॉम पॉव्हर्टी’ असे वाक्य आज वर्तमानपत्रांत सर्रास दिसते. व्याकरणाने ते चूक नाही, पण त्यात हात दिसत नाही. गरिबी कोणाच्या हाताने धरून ठेवते? ‘फ्रॉम’च्या पुढे सावकार लिहा, ठेकेदार लिहा, म्हणजे वाक्य शब्दाच्या मुळाशी येते.

आत्मवाचक प्रयोग हा सर्वांत अवघड. ‘शी इमॅन्सिपेटेड हरसेल्फ’ हे तीन शब्दांचे वाक्य मी दरवर्षी भाषांतराला देतो. बहुतेक जण ‘तिची सुटका झाली’ असे लिहितात; त्यात ती काहीच करीत नाही. काही जण ‘ती सुटली’ लिहितात. ते सुंदर आहे, पण आमच्याकडे दीर्घ दुखण्याने मेलेल्या बाईलाही ‘सुटली बिचारी’ म्हणतात. ‘तिने स्वतःला मुक्त केले’ हे बरोबर आणि निर्जीव. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले, ‘तिनं आपली मान सोडवून घेतली.’ मूळ वाक्यात मान नाही, जूही नाही. तपासणाऱ्या दुसऱ्या प्राध्यापकांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. मी पूर्ण गुण दिले, आणि समासात ‘मानुस म्हणजे हात, हात मानेवर होता’ एवढे लिहून पेपर पुढे सरकवला.